पहिल्या खोलीचं चित्र

सोमवार, ४ जून
लागली एकदाची नोकरी! वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर बसायचं आणि खोल्याखोल्यांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं नातेवाइकांच्या मोबाइलवर थेट पोहोचवणारा सर्व्हर सांभाळायचा. वर चार नंबरच्या खोलीत माझी आईच राहते, म्हणजे दुधात साखर. जोडीला तात्या आहेत, इथले जुने तंत्रज्ञ. माणूस घुम्या, पण मायाळू. माझ्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं.

मंगळवार, ५ जून
सर्व्हर दिवसभर गुदमरतो, चित्रं अडखळतात, नातेवाईक शिव्या घालतात. कारण सापडलं. कुणीतरी पहिल्या खोलीचं चित्र मागून अर्ध्यावरच अडकलंय. पूर्ण घेतही नाही, जातही नाही. एकट्यानं सगळी मेमरी खाल्लीये. सॉफ्टवेअरमधली ही त्रुटी जुनीच, ती बुजवणारा पॅचही फुकट मिळतो. तात्यांनी नऊ वर्षं तो लावलाच नाही! विचारलं तर म्हणाले, रोगापेक्षा इलाज भयंकर असतो, बाई.

बुधवार, ६ जून
तात्या जेवायला गेले आणि मी पॅच लावून टाकला. सर्व्हर कसा पळतोय! तो अडकलेला प्रेक्षकही सुटला, चित्र पूर्ण पाहून पुढे सरकला. आईला सांगितलं तर म्हणाली, न विचारता नाक खुपसायची खोड काही जायची नाही तुझी.

गुरुवार, ७ जून
पहिल्या खोलीतल्या काकू काल दुपारी गेल्या. त्या तात्यांच्या पत्नी होत्या, हे मला आज कळलं. फार वाईट वाटलं. तात्या आले नाहीत.

नोंदी पाहिल्या. तो प्रेक्षक आता दुसऱ्या खोलीत आहे.

शुक्रवार, ८ जून
दुसऱ्या खोलीतले मास्तर काल गेले. आज तिसरीतल्या शिंपीणबाई. दोघांचंही चित्र त्यानं आधी पूर्ण पाहिलं होतं. त्याचा पत्ता शोधला. तो बाहेरून बघत नाही. ज्या खोलीचं चित्र, त्याच खोलीतून बघतो.

तात्यांच्या घरी गेले, पाया पडले. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, पूर्ण पाहिलं की तो त्या माणसाला घेऊन जातो. माझ्या बायकोपाशी तो अडकला होता. नऊ वर्षं ती खुर्चीत बसून होती. हलत नव्हती, बोलत नव्हती. पण होती.

शनिवार, ९ जून, सकाळ
चौथी खोली. आई.
पॅच काढला. जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं.
अडकला! चित्र थांबलं. आई केस विंचरताना, कंगवा अर्ध्यावर.
वर धावले. तशीच बसलीये. श्वास चालू आहे. वाचली—

शनिवार, दुपार
कंगवा हातातून सुटत नाही. पापणी लवत नाही. पण डोळ्यांतून पाणी वाहतंय, थांबतच नाही.
तिला सगळं कळतंय.
तात्यांना फोन केला. म्हणाले, तीही रडायची. नऊ वर्षं.
पॅच लावायला एक बटण पुरे. लावला तर आई जाईल. नाही लावला तर—
लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसलेय. आई, काय करू गं? एकदाच डोळे मिट, म्हणजे मी—