एक काना जास्त

लोणावळा,
१६ एप्रिल १९७४

प्रिय रतन,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही.

इथे हप्त्यांची साथ आली आहे. शेजारच्या शालूबाईंनी हप्त्यावर सोफा घेतला. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्याचं प्लास्टिक काढायचं नाही, म्हणून त्यांचे यजमान अंबाजीराव चटईवर बसून सोफ्याकडे बघतात. मी स्पष्ट म्हटलं, "उद्या तेराव्याचं जेवणही हप्त्याने घालाल!" कॉन्व्हेंटात एक खोडरबर उसनं घेतलं म्हणून मदरने मला ‘मी उसनं घेणार नाही’ शंभरदा लिहायला लावलं होतं. (शाई तुझी होती, ते जाऊ दे.)

हे सगळं मी बर्फ घातलेलं सरबत पीत लिहिते आहे. बर्फ कुठला, असं विचारशीलच.

फ्रीज घेतला. हप्त्यावर.

भांडी घासणारी विठाबाई म्हणते, "बाई, ह्ये कपाट लय गुरगुरतंय. उपाशी हाय जणू." खरंच आहे. आत पाणी आणि दोन लिंबं. हप्ता भरून पेन्शनीत आणखी काही बसत नाही.

तर दुकानाचा फॉर्म मराठीत होता. एक रकाना ‘जामीन’. छापखान्याने एक काना जास्त दिला असं समजून मी तो लाल शाईने खोडला आणि लिहिलं, ‘कामशेतजवळ सव्वा एकर. वडिलांनी धाकट्या रतनच्याच नावे केली.’ जरा ठासूनच लिहिलं. खात्री करायची तर करा, म्हणून तुझा पत्ताही दिला.

काल दुकानदार मारुतराव दारात. "बाई, जन्मभर पोरांच्या चुका काढल्यात! जामीन म्हणजे तुम्ही बुडवलंत तर भरणारं माणूस. त्या रतनताईंची सही आणा, नाहीतर सोमवारी हातगाडी पाठवतो."

शालूबाई कुंपणाला कान लावून होत्या. ती हातगाडी माझ्या दारातून फ्रीज घेऊन निघाली, तर मला गाव सोडावं लागेल.

कागद सोबत आहे. टपालाने पाठवू नकोस, सही करून स्वतः घेऊन ये. येताना आंबे आण, फ्रीजमध्ये ठेवायला काहीतरी हवं.

जमिनीवरून तुला जे बोलले, त्यातलं निम्मं मागे घेते. उरलेलं हप्त्याहप्त्याने.

जमीन तुझीच राहो. तू फक्त माझी जामीन हो.

तुझी, एका कान्याने चुकलेली,
अक्का