ऑगस्टचं पान

२२ सप्टेंबर, रविवार
पाय गेले कामातून. वंदना आणि मी, पेठच्या पुढे बसमधून उतरून दोन तास चाल. पाड्यावरचे तुळशीरामदादा काठी घेऊन वाट दाखवायला आले. धबधबा बघून ट्रायपॉड लावायचंच विसरले. खाली कुंड, सगळा पाडा तेच पाणी पितो. निघताना दादा म्हणाले, "फोटू काढले, बरं झालं. पण गावाचं नाव नका सांगू कोणाला. पियाचं पाणी हाय." शब्द दिला. इथे वहीतसुद्धा नाव लिहीत नाही.

२४ सप्टें.
फोटो कॉम्प्युटरवर उतरवले. नेहमीसारखं प्रत्येक फाईलला गाव, तालुका, तारीख. नाहीतर वर्षभराने सगळे धबधबे सारखेच दिसतात. सात नंबरचा जमलाय. वं.ला बजावलं, स्टेटसला टाकलंस तर याद राख.

६ ऑक्टो.
देवळ्याहून अण्णाचा फोन. त्याच्या बियाण्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरला फोटो हवाय. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणू? सात नंबर मेल केला. नुसते दगड आणि पाणी, त्यावरून कुणाला काय कळणार.

३ ऑगस्ट, रविवार
डोकं फिरलंय. वर्षभराने एकटीच गेले तर पाड्याच्या तोंडाशी मोटारसायकलींची रांग. कुंडात बाप्ये साबण लावून अंघोळ करतायत. काठावर बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा. वर दोघी बायका रिकामे हंडे घेऊन ताटकळत उभ्या. मी ओरडले, "लोकांचं प्यायचं पाणी आहे हे, लाज वाटते का?" एक जण दुसऱ्याला म्हणतो, "काय म्हनी रायनी ती?" आणि दात काढतो.

अहिराणी. म्हणजे बागलाणकडची मंडळी. आणि वंदनाचं सासर सटाण्याचं, बागलाणातलंच. आणखी काय पुरावा हवा?

दादा वाटेत भेटले. "तुम्ही नाय ना सांगितलं, बाई?" छे, म्हटलं. छातीठोकपणे.

४ ऑगस्ट
वं.ला फोनवर झाडली. "मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही गं." म्हटलं, खोटं बोलू नकोस. आणखीही बरंच बोलले. तिने फोन ठेवला. ठेवू दे.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
देवळा. ओवाळायला ताट घेऊन उभी राहिले आणि अण्णाच्या डोक्यामागे भिंतीवर ऑगस्ट. माझा सात नंबर. त्याखाली ठळक छापलेलं गाव, ता. पेठ.
"हे नाव कुणी घातलं?"
"अगं, तूच फाईलवर लिहून पाठवलंस की. प्रेसवाल्याने तेच उतरवलं. खाली बारीक तुझंही नाव आहे बघ. पान उलटल्यापासून दुकानात जो तो विचारतोय, कुठलं हे, कसं जायचं."
इतका खूश होता. मलाही दिवाळीत कॅलेंडर पाठवलं होतं त्याने. माळ्यावर गुंडाळी तशीच पडलीय, उघडलीसुद्धा नाही मी. राखी बांधली. आठवडाभर दुसरीच्या नावाने शंख करत होते, मूर्ख बाई.

१० ऑगस्ट
वं.ला तीनदा फोन. उचलत नाही. मेसेज टाकला, 'चूक माझीच होती, तुझी नाही.' निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. मीही दिलं नसतं.

१७ ऑगस्ट, रविवार
दादांना सांगायचं ठरवून गेले. बसमध्ये वाक्यं पाठ करत होते. ओटीवर बसवलं, कोरा चहा आला. तोंड उघडणार तोच दादा आतून एक घडी घातलेला कागद घेऊन आले. ऑगस्टचं पान. कुणीतरी रस्ता विचारायला आणलं आणि कुंडावरच टाकून गेलं.

"ग्रामसभेत दाखवायचंय," म्हणाले. "बायका पाण्याला जायला भितात आता. ज्यानं हा फोटू दिला त्याचं नाव पायजे. खाली बारीक लिहिलंय, मला दिसत नाय. तुमच्याकडं चष्मा हाय, वाचा."

चष्मा ओढणीने पुसला. परत पुसला. मग वाचलं, आडनावासकट, मोठ्याने.

दादांनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. तेव्हा लक्षात आलं, यांना मी माझं नाव कधी सांगितलंच नव्हतं. इथे मी नुसती बाई.

"तुमच्याकडचीच दिसते," म्हणाले. "वळखता का हिला?"