अर्जातला चौदावा प्रश्न

मी, व्हर्ना स्टिडम, वय एकसष्ट, अविवाहित, जिल्हा वाचनालयाची माजी ग्रंथपाल, राहणार पाईन फोर्क, पूर्व केंटकी, हे मृत्युपत्र लिहायला बसले ते काल आलेल्या सरकारी पत्रामुळे. पत्र म्हणते की मी स्वयंपाक करते, घर झाडते, चर्चला जाते, सबब बसून करण्याजोगे काम करू शकते. अपंगत्वाचा भत्ता नामंजूर. डॉक्टरांनी मला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता.

१. आधी चूक नोंदवते. मरणाऱ्यांचे अर्ज रांगेतून पुढे काढण्यासाठी सरकारकडे आजारांची यादी आहे. यकृतात पसरलेला माझा स्वादुपिंडाचा कर्करोग त्या यादीत आहे. मी अर्जात लिहिले, "पोटाची तक्रार". कसल्याही दुखण्याला आई असेच म्हणायची. बावीस वर्षे वाचनालयाच्या टेबलाशी बसून मी खाणीत फुप्फुसे घालवलेल्यांचे हेच अर्ज भरून दिले आणि प्रत्येकाला दटावले, "चांगला दिवस सांगू नकोस, वाईटात वाईट दिवस सांग." माझी पाळी आली तेव्हा चौदा प्रश्नांना चौदा खोटी उत्तरे दिली. स्वतःची किळस येते.

फोन केला. कार्यालयातली मुलगी म्हणाली, "बाई, यादीत पोटाची तक्रार नाहीये."

"मग काय आहे?"

"मरणाचे आजार." मग हळूच, "त्यातलं काही आहे का तुम्हाला?"

"आहे."

"मग तसं लिहा ना, बाई! फेरतपासणीला द्या, वर काढतील."

त्या इमारतीत सरळ बोलणारी ती एकटीच.

२. भत्ता आला नाही तर माझ्या शुश्रूषेसाठी घरी राहिलेली माझी धाकटी बहीण आयडा हिला ईस्टरनंतर शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर परतावे लागेल आणि मला जिल्ह्याच्या शुश्रूषागृहात मरावे लागेल. तिथे भिंतीही उकडलेल्या कोबीच्या वासाच्या आहेत. मला माझ्या पलंगावर मरायचे आहे.

३. घर, परसबाग, कुदळी-फावडी आयडाला. वडिलांच्या दफनाला ती लाल कोट घालून आली, ते मी माफ केलेले नाही. तरी घर तिचेच. आईचा बिडाचा तवाही तिला. त्याला साबण लावू नये.

४. बँकेतली शिल्लक व माझा टाइपरायटर वाचनालयाला. अर्ज भरायला येणाऱ्यांसाठी पाठीला टेकू असलेली खुर्ची घ्यावी. आजारी माणसाला स्टुलावर बसवणे हा निर्लज्जपणा आहे आणि तो मीही बावीस वर्षे केला.

५. पास्टर कोम्ब्स यांनी माझ्या प्रेतापुढे "झुंज" हा शब्द उच्चारू नये. मी झुंजले नाही. ओकले.

६. आज सकाळी आयडाने अर्जाची प्रत वाचली.

"ताई, 'आंघोळ स्वतः करते'? मग रोज मी कोणाची पाठ घासते, घोड्याची?"

"परके लोक वाचतात ते."

"वाचू देत! लाज वाटायची तर मला वाटू दे, ढुंगण मी धुते तुझं."

मी तिला तोंड सांभाळायला सांगितले.

"तू पेन सांभाळ," ती म्हणाली. "लिही."

लिहिले.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहून दोघांसमक्ष सही केली आहे.

व्हर्ना स्टिडम
साक्षीदार: डेल्मर फ्युगेट, शेजारी, मॉडी नोबल, शिक्षिका
पाईन फोर्क, १२ मार्च २०१९

त्याच दिवशी कार्यालयात पोचवण्यासाठी डेल्मर फ्युगेट यांच्या हाती दिले: डॉक्टरांचा अहवाल, एक. दुरुस्त अर्ज, एक. आजार: स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. प्रश्न चौदावा, आंघोळ कोण घालते: बहीण आयडा, रोज सकाळी.