‘भिंगरी’ वगळून उरलेल्याची वाटणी

मी, ‘दुपार’ मासिकाची संपादक, वय वर्षे एक्काहत्तर, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. मुलाला अजून शंका आहे.

१. राहते घर मुलाला. त्याला मासिकांत रद्दीपलीकडे काही दिसत नाही, तेव्हा ती त्याच्या गळ्यात मारत नाही.

२. कंपनी निम्मी माझी, निम्मी धाकट्या भावाची. ‘दुपार’ आणि कारागिरांचे ‘हातोडी’ ही दोन्ही नावे कंपनीच्या मालकीची. माझा निम्मा हिस्सा भावाच्या मुलीला, ठकीला. ‘हातोडी’ तीच चालवते, आणि छापण्याआधी रंधा स्वतः मारून बघते. अट एकच: नाव विकायची वेळ आली, तर आधी सगळ्यांना बसवून विचारावे.

३. ‘भिंगरी’ कोणाला देता येत नाही, कारण ती आमची राहिली नाही. मुलांचे हे मासिक आम्ही सर्वांत आधी काढले, कंपनी व्हायच्याही आधी. मी तापाने पडले होते, म्हणून नोंदणीला भाऊ एकटाच गेला आणि नाव त्याच्या एकट्याचे झाले. पुढे कागद महागला, कामगारांचे पगार थकले. तेव्हा त्याने ते नाव एका मोठ्या प्रकाशनाला विकले आणि मग मला सांगितले.

“विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ताई. आणि ते रंगीत काढणार आहेत गं!”

त्यांनी रंगीत काढले. वर्षाच्या आत बंदही केले. मुलांसाठीच्या त्यांच्या स्वतःच्या मासिकाला मग कोणी प्रतिस्पर्धी उरला नाही. नाव मात्र सोडले नाही. मुले आम्हालाच विचारत राहिली, भिंगरी कधी येणार?

४. तेव्हापासून आम्हा भावंडांची टेबले समोरासमोर आणि बोलणे शिपायामार्फत. अंक वेळेवर निघत गेले. भावजय गेली, तेव्हाही मी त्याच्याजवळ नुसती बसून आले.

५. हे कागद करताना कंपनीचे वकील बोलता बोलता म्हणाले, की ते नाव परत मागायला भाऊ त्या प्रकाशनाकडे पुन्हा पुन्हा गेला होता. शेवटी कंपनीतला आपला सगळा हिस्सा देऊ केला. त्यांनी नकार दिला. मी समजत होते, त्याला कशाचेच काही वाटले नाही.

६. भावाला काहीही देत नाही. रागाने नव्हे. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, आणि मला सही त्याचीच हवी आहे. शिपायाला पाठवले नाही. त्याच्या टेबलापाशी स्वतः गेले.

“धाकट्या, सहीला येशील?”

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “ताई, किती वर्षं गेली गं.”

ठिकाण: कार्यालयातली आमची खोली
दिनांक: चौदा मार्च
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. धाकटा भाऊ (सही). ताईने माझ्यासमोर सही केली. मला वाचायला जरा वेळ लागला.