भोकरच्या लाकडी बंगल्याची तपासणी

लातूर
१२ मार्च १९८६

ॐ नमः शिवाय

तीर्थरूप अव्वांना रुद्राणीचे शरणार्थ.

शिवरात्रीला चाकूरला येणं झालं नाही, तुम्ही वाट पाहिली असेल. तारामतीची अकरावीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि मला सुटी मिळाली नाही. दोन्ही कारणं खरी आहेत. तारामती बरी आहे. शिकवणीहून आली की दप्तर ठेवायच्या आधी नळ फिरवून बघते. परवा आला, तोही गढूळ. तिकडे आपल्या आडाला कितपत पाणी आहे ते कळवा.

ऑफिसात काम वाढलंय. उस्मानाबादेतून वेगळा होऊन जिल्हा नवा झाला तशी ऑफिसं लातूरला आली, पण त्यांना बसायला इमारती नाहीत. म्हणून जुनी मोठी घरं घेऊन ती दुरुस्त करायचं चाललंय. दुरुस्तीचे नकाशे आधी माझ्या टेबलावर येतात. मी ते तपासून शेरे लिहिते, मग साहेब सही करतात. जागेवर जाऊनही पाहावं लागतं.

गोलाईच्या बाजारामागं वीरण्णा शेटजींचं घर मुलींच्या वसतिगृहासाठी घेतलंय. नकाशात चौकाच्या भिंतीला एक नवं दार पाडलेलं होतं. भिंत मातीची, आणि वरच्या माडीचं सगळं ओझं तिच्यावर. मी ते दार लाल पेन्सिलीनं खोडलं. शेटजी स्वतः ऑफिसात आले. दार माझ्या घराला पडणार, तुमचं काय जातंय, असं म्हणाले. मी म्हणाले, मुली खाली झोपतील आणि माडी त्यांच्यावर येईल. मग ते शांत झाले, चहा घेतला आणि माझी चौकशी करू लागले. गाव कुठलं, मालक काय करतात. मी तुमच्या लेकाचं सांगितलं, ओव्हरसिअर होते, बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर जाताना जीप उलटून गेले. त्यानंतर त्यांनी दाराचा विषय काढला नाही.

दुसरं एक काम जरा निराळं आहे. भोकरच्या पुढं सागाच्या जंगलात निजामाच्या काळी कुणा अंमलदारानं शिकारीसाठी बांधलेला बंगला आहे. त्याच्या भिंतींना वीट नाही की दगड नाही. सागाचे अख्खे ओंडके आडवे एकावर एक रचलेत आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत बसवलेत. मी असं घर आधी पाहिलं नव्हतं. ते जंगल खात्याच्या शिकाऊ लोकांसाठी नीट करायचंय. काम नांदेडकडचं, पण तिथं जुन्या बांधकामाचे नकाशे तपासणारं कुणी नाही म्हणून फाईल इकडे आली.

नकाशा भोकरच्या किशनराव नावाच्या माणसानं काढलाय, ठेकाही त्यांचाच आहे. ओंडक्यांमधल्या फटी त्यांनी सिमेंटनं बुजवायच्या दाखवल्या होत्या. मी शेरा लिहिला की लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट काही त्याच्याबरोबर हलत नाही. मागं पाणी साचून लाकूड कुजेल, तरी चुना-मातीचा लेप द्यावा. त्यांचं उत्तर आलं की लेप दरवर्षी नव्यानं द्यावा लागतो, तो द्यायला सरकार दरवर्षी माणूस पाठवणार आहे का? प्रश्न बरोबर होता. शेवटी बंगल्याच्या राखणदारालाच ते काम शिकवून ठेवायचं असं ठरलं.

गेल्या आठवड्यात जागेवर जाऊन आले. जमिनीलगतचा ओंडका वाळवीनं खाल्लेला होता. नकाशात बदलायचा तेवढा एकच दाखवला होता. मी त्याच्या वरच्या ओंडक्याला सळई टोचून पाहिली तर तोही निम्मा गेलेला. किशनरावांनी माझ्या हातातून सळई घेतली, स्वतः दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं आणि म्हणाले, “हाव. मी वरवर पाह्यलं. चुकलं माझं.”

अव्वा, बारा-तेरा वर्षं नकाशे बघतेय, नकाशा काढणाऱ्याच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.

इतकं सगळं तुम्हाला कशाला लिहिलं कोण जाणे. तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा. भावजींना आणि घरातल्या सगळ्यांना शरणार्थ सांगा.

आपली,
रुद्राणी

—

लातूर
२४ एप्रिल १९८६

ॐ नमः शिवाय

तीर्थरूप अव्वांना रुद्राणीचे शरणार्थ.

तारामतीची परीक्षा झाली. पेपर बरे गेले म्हणते. गणिताचं विचारलं की विषय बदलते, त्यावरून काय ते समजा. पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. आमच्या गल्लीत आता टँकर येतो, मी ऑफिसात असले की तारामतीच घागरी घेऊन उभी राहते.

वीरण्णा शेटजींच्या घराचं काम सुरू झालं. दार पाडलं नाही.

भोकरच्या लाकडी बंगल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते काम बंद पडलंय. त्या बंगल्याच्या आडाला अजून पाणी आहे, आणि आसपासच्या वस्तीवरच्या बायका आता तिथूनच पाणी नेतात. चुना भिजवायला आणि लेप मळायला रोज बरंच पाणी लागतं. मी दुसऱ्यांदा पाहणीला गेले तेव्हा साखराबाई म्हणून राखणदाराची बायको आहे, तिनं मला आडात वाकून बघायला लावलं. तळ दिसत होता. किशनराव बाजूला उभे होते. दोन दिवसांनी त्यांनी मजूर घरी पाठवले, ओंडक्यांवर ताडपत्री टाकली आणि ऑफिसला कळवलं की पाऊस होईस्तोवर काम करणार नाही, मुदत वाढवून मिळावी. कामाला उशीर केल्याचा ठपका आपल्यावर येईल हे त्यांना ठाऊक होतं.

तो अर्ज तपासायला माझ्याकडे आला. मुदत द्यावी असं कुणीही म्हटलं असतं. पण पेन्सिल हातात घेतली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अर्ज पुरता वाचायच्या आधीच मी मनात हो म्हणून बसले होते. खाली त्यांचं नाव होतं म्हणून.

मी फाईल बांधली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ही माझ्याच्यानं तपासणं होणार नाही, म्हणाले. माणसाबद्दल काही तक्रार आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, “तक्रार नाही. पण ह्या माणसाच्या कामावर माझा शेरा इथून पुढे धरू नये.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाईल ठेवून घेतली.

हे तुमच्या आधी साहेबांना कळलं, ते मला बरं वाटलेलं नाही. म्हणून आता सगळं लिहिते.

किशनराव पन्नाशीला आलेत. पत्नी वारून बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, ती निजामाबादला दिलीय. आपल्यातले नाहीत, मराठा आहेत. त्या दुसऱ्या पाहणीच्या दिवशी एस.टी.ला वेळ होता, आम्ही फाट्यावर उभे होतो. ते म्हणाले, “मॅडम, नकाशाचं सोडा. मी तुमचा विचार करून राहिलो. राग आला तर ही गोष्ट हितंच ऱ्हाईल, भोकरात कुणाला कळणार न्हाई.” मला राग आला नाही. तेवढं सांगेपर्यंत गाडी आली. मग मीच आठवड्यानं त्यांना पत्र लिहिलं.

तारामतीला मी सांगितलं. तिनं त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही, मला एवढंच विचारलं की अव्वाला कोण सांगणार.

आम्ही सरकारी पद्धतीनं लग्न करणार आहोत. त्याची नोटीस सोमवारी देऊ. ती नावागावासकट महिनाभर लग्न-नोंदणीच्या ऑफिसच्या भिंतीवर लागते. ईश्वरप्पा भावजी मोंढ्यात माल घेऊन लातूरला येत असतात, कुणीतरी त्यांना ती दाखवील. तुम्हाला ते भिंतीवरून कळू नये.

अव्वा, तारामतीचे बाबा गेले त्या वर्षी त्यांच्या जागी मला नोकरी मिळेल असं पत्र आलं, तेव्हा घरातले सगळे नको म्हणत होते. औरंगाबादला जाऊन नकाशे काढायला शिकायचं, तेही तीन वर्षांची पोर मागं ठेवून. तुम्ही माजघरातून बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “घरात बसून रडशील तर पोरगी बी रडतच वाढंल. जा. तिला मी बघते.” तुमचा स्वतःचा मुलगा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला सोडायला एस.टी. स्टँडवर तुम्हीच आला होतात. तुम्ही रडला नाहीत, म्हणून मीही रडले नाही.

त्यामुळे हे पत्र लिहायला मला दीड महिना लागला. शिवरात्रीला आले नाही, त्याची कारणं खरी होती. पण पहिल्या पाहणीपासूनच माझ्या मनात काही होतं; येऊन तुमच्यासमोर बसले असते आणि त्यातलं काहीच बोलले नसते, तेही एक कारण होतं.

मी परवानगी मागत नाही. मागितली तर हो म्हणण्याचं ओझं तुमच्यावर पडेल, आणि नाही म्हणालात तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून कळवते.

तब्येतीला जपा.

आपली,
रुद्राणी

—

लातूर
३ जून १९८६

ॐ नमः शिवाय

तीर्थरूप अव्वांना रुद्राणीचे शरणार्थ.

काल आमचं लग्न झालं.

आधी मधल्या दिवसांचं लिहिते, कारण भावजींनी तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. नोटीस लागल्यावर ते इथं आले होते. उंबऱ्याच्या आत आले, पण बसले नाहीत. म्हणाले, “वहिनी, दादाच्या माघारी त्याच्या जागेवर नोकरी लागली. ते तरी ध्यानात ठेवायचं.” मी म्हणाले, ते रोज ध्यानात असतं. मग त्यांनी सांगितलं की तारामती आमच्या घरची आहे, तिला हे बघायला लावू नका, लग्नाच्या आधीच चाकूरला पोचती करा, पुढचं शिक्षण आम्ही बघू. तारामती तिथंच होती. तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी हात लावला नाही. ते गेल्यावर तेच पाणी तिनं भांडी विसळायला घेतलं. सध्या पाणी टाकून देता येत नाही.

मला त्यांचा राग नाही. तारामतीच्या बाबांच्या मागं त्यांनीच घर ओढलं. पण त्या रात्री तारामतीनं विचारलं, मला जावंच लागेल का? तुम्ही तिला लहानाची मोठी केलीत. तुम्ही बोलावलं असतं तर मी तिला कोणत्या तोंडानं ठेवून घेतली असती? तिची ट्रंक अर्धी भरून ठेवली होती.

मग तुमचं कार्ड आलं. अक्षर तुमचंच, ओळी वर चढत गेलेल्या. “मी येनार न्हाई. माझ्यानं बगवनार न्हाई. तारामतीला हिकडं धाडू नको. ईश्वर काय म्हनला ते सोड. त्या दिवशी ती तुझ्याजवळ पायजे.” खाली बाकी काही नव्हतं. मी ते वाचून तारामतीकडे दिलं. तिनं वाचलं आणि ट्रंकेतले कपडे काढून खुंटीला लावले.

काल सकाळी नोंदणीच्या ऑफिसात गर्दी नव्हती. साक्षीला आमचे साहेब आणि किशनरावांची मुलगी-जावई होते. मुलीचं नाव दानम्मा. हे आपल्याकडचं नाव कसं, म्हणून मी विचारलं. तिची आई सीमेकडच्या गावची होती, गुड्डापूरच्या दानम्मा देवीला नवस बोलून झालेली ही मुलगी. ती माझ्याशी फारसं बोलली नाही. तिलाही वेळ लागेल. सह्या करायच्या वेळी तारामती माझ्या मागं खुर्चीला धरून उभी होती. वय बसत नाही म्हणून तिला सही करता आली नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती जवळ होती, एवढं कळवायचं होतं.

तिच्या नावापुढचं नाव बदलणार नाही. तिच्या बाबांचा फोटो आहे तिथंच आहे. किशनरावांनी घरात आल्यावर त्याला हात जोडले. मी सांगितलं नव्हतं.

भोकरच्या बंगल्याची फाईल आता दुसरे तपासतात. मुदत मिळाली. ठेका त्यांचाच असल्यानं, काम पुरं होऊन पाहणी होईस्तोवर मी तिकडे जायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. पाऊस अजून नाही. ते तिकडे आणि मी इकडे, असंच काही महिने चालेल. माझी नोकरी इथं आहे, तारामतीची बारावी इथं आहे. शनिवारी ते येतील, सोमवारच्या पहिल्या गाडीनं जातील. गल्लीत दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. एका घरातून काल कुणीतरी पुरणाच्या पोळ्या आणून दिल्या आणि नाव न सांगता गेलं.

तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गुडघ्यांचं सांगायचं, असं मनाशी ठरवून गेले होते. नंतर वाटलं, तसं सांगितलं नसतं. माझ्यानं बघवणार नाही, हे तुम्ही सरळ लिहिलंत. तुमच्या जागी मी असते तर इतकं तरी लिहू शकले असते का, माहीत नाही. ज्या बाईचा मुलगा गेला तिनं हे बघावं, असं मी म्हणू शकत नाही.

आता एकच लिहायचं राहिलं. माझे आई-वडील गेल्यापासून नागपंचमीला मी चाकूरलाच येते. बायका माहेरी जातात तशी. ह्या वर्षीही येईन. तारामतीला घेऊन दुपारच्या गाडीनं येईन आणि दाराशी उभी राहीन. आत घ्यायचं की नाही ते तुम्ही तेव्हा ठरवा, आता काही कळवू नका. भावजी असतील तरी येईन. मला आत घेतलं नाहीत तर तारामतीला तुमच्याकडे सोडून मी संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेन. पुढच्या पंचमीला पुन्हा येईन.

तुमच्याशिवाय माहेर नसलेली,
रुद्राणी