तांब्याची तार

१२ डिसेंबर १९९३
येलदरीत आलो. जिंतूरहून एसटीत दोघांनाही बसायला जागा मिळाली, शकुन चांगला. इंजिनीअर कल्याणराव तीन महिने भावाकडे चालले. तोवर त्यांचं घर आणि झाड सांभाळायचं. घरात नळ पाहून बायको हरखली, माझी मालन. म्हणाली, म्हातारपणी का होईना, डोक्यावरची घागर उतरली.

झाड उंबराचं. बारा वर्षांचं, तरी वीतभर. ताटाएवढ्या उथळ कुंडीत. पानं नखाएवढी, फळं मात्र मोठ्या झाडासारखीच. फांद्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली. कल्याणरावांनी सगळं समजावलं. मातीत बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आठ दिवसांनी कुंडी उन्हाकडे फिरवायची. नवा कोंब खुडायचा. तारेला हात लावायचा नाही, हे तीनदा सांगितलं. मी चौथी पास, विसरेन म्हणून लिहून घेतलं.

२० डिसेंबर
दिवसातून सातआठ वेळा मातीत बोट घालतो. जास्त पाणी झालं तर? मालन हसते. पोरांच्या तापातबी एवढे उठला न्हाईत, म्हणते. आणि म्हणते, उंबरात दत्त महाराज, त्यांना त्या इंजिनीअरनं बेड्या घातल्या; तुमी रोज पाया पडता अन् बेड्या बघत बसता.

इथल्या पेटीत लहान मुलीच्या मापाचं लुगडं सापडलं, वापरून विटलेलं. कल्याणरावांना मूलबाळ नाही. बायको शांतम्मा वारली, एवढंच बोलले होते.

२८ डिसेंबर, दत्तजयंती
मालननं ऐकलं नाही. तिनं स्वतः तार उलगडली, मी कुंडी धरली. सालीत खोल वळ होते. देवाच्या अंगावरची वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची? हळदकुंकू लावून पूर्णा नदीत सोडून आलो. आज मन हलकं आहे.

४ जानेवारी १९९४
झाड झपाट्यानं वाढतंय. मालनच्या मनगटावर वळ आले आहेत. बांगड्यांचे असतील. पण कोपरापर्यंत कसे? वेढ्यावेढ्यानं?

१४ जानेवारी, संक्रांत
दगडाबाई कासारीण बांगड्या भरायला आली. मालनच्या जुन्या बांगड्या न फोडता गळून पडल्या. दगडाबाई म्हणाली, काकू, तुमचं माप आता शाळेच्या पोरींच्या डब्यात बघावं लागतंय. दोघी हसल्या. मी हसलो नाही. मालन बाजेवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

१७ जानेवारी
विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. गाड्या नाहीत, जिंतूरचा दवाखाना दूर. बूथवरून कल्याणरावांना फोन लावला, झाडाची तार उलगडल्याचं सांगितलं. ते म्हणाले, शांतम्मानंही सोडली होती. तीच तार परत गुंडाळा, दुसरी चालत नाही, मला उशीर झाला होता. कुठे ठेवली, त्यांनी विचारलं.
मी फोन ठेवला.

१९ जानेवारी
दिवसभर पूर्णेत. भोयांनी चार वेळा जाळं टाकलं. मासे. गाळ. तार नाही.

घरी येऊन विळा घेतला. दत्त महाराजांची माफी मागितली. एकच फांदी — करंगळीएवढी —
आतून मालन किंचाळली. तिची करंगळी —

२१ जानेवारी
कुंडी फुटायच्या आत झाड बाहेर उतरलं. मुळं फरशीत. डोकं छताला.
पेटीतलं लुगडंही तिला मोठं होतं. रुमाल गुंडाळला. आवाज चिमणीएवढा. पाणी मागते. ऊन मागते. काल म्हणाली, अहो, मला मातीत ठेवा, पाय लय जळायलेत —

२२
ठेवली. त्याच कुंडीत.
आता काही मागत नाही.

२३
पानं. नखाएवढी.

२४
सवयीनं मातीत बोट घातलं. कोरडं आहे का बघायला. गरम लागलं. आत तिनं बोट धरलं. बाळ धरतं तसं.
डाव्या हातानं लिहितो. ओढलं तर तिचा हात तुटेल. पाणी द्यायचं आहे. तांब्या लांब — माझ्या मनगटावर वेढा उमट —