खोडाला पाणी

६ नोव्हेंबर, अमरावती
काल आजीला माती दिली. पेटीवर तिच्याच बागेतली शेवंती ठेवली. विकतचा हार आणला असता तर उठून बसली असती. तिच्यासाठीच्या प्रार्थना संपेपर्यंत इथेच राहणार. अकोल्याला ह्यांना फोन केला. कणीक डब्यात आहे, दूध एकच पिशवी घ्या, उरलं की नासतं.

सकाळी सवयीने बागेत गेले. माठाजवळ तिचा पितळी तांब्या तसाच. बाकी झाडांना नळी, पण संत्र्याला तांब्याने, स्वतःच्या हाताने, मनगटाला रोझरीची माळ गुंडाळून. आई गेली तेव्हापासून मी हेच बघत मोठी झाले. आजीने वाढवलं, मॅट्रिकपर्यंत तिनेच ढकललं. आज संत्र्याचं आळं कोरडं होतं. घालणार कोण.

७ नोव्हेंबर
सायमनमामांनी जेवताना विषय काढला. "मार्थे, पोराचं लगन हाये. मागं नवी खोली काढतो. संडासाची टाकी संत्र्याच्या जागी येते."
झाड कशाला तोडता, म्हटलं. "मरूनच राह्यलं ते. डिंक्या लागला."
खरं आहे. खोडातून डिंक गळतोय. त्याच खड्ड्यातलं हे तिसरं झाड. आधीची दोन अशीच गेली. वरूडहून कलम देणारा दर वेळी तिला रागवायचा, "आजी, तुमाले सारं समजते, मंग खोडाले पानी काहून लावता? दूर आळं करा, नाई तं डिंक्या होनारच." ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी तांब्या पुन्हा खोडावरच. इतर झाडांचं पान चुकीच्या वेळी भिजलं तरी आमची खरडपट्टी काढणारी बाई. म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो.

त्या झाडाचं एक फळ तिने खाल्लं नाही. नाताळात टोपलीभर चर्चमध्ये जायची. "मले आंबट नाई चालत." आणि लिंबाचं लोणचं रोज ताटात.

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमधली मिस्सा झाल्यावर रूथआजी भातकुलीहून आली. आजीची धाकटी बहीण, आता तीच एक उरली. मामा तिला टाकीची जागा दाखवत होते. ती मटकन खालीच बसली.
"तिथं नोको खंदू, सायमन."
"काहून?"
"तिथं तुहा भाऊ हाये."

पुढचं आज लिहवत नाही.

१० नोव्हेंबर
लिहून टाकते.
मामांच्या आधी एक मुलगा झाला होता. दिवस भरायच्या आत, घरीच. श्वास चालू होता, पण टिकण्यातला नव्हता. आजोबा सायकल घेऊन बाप्तिस्म्यासाठी फादरला आणायला गेले. फादर दूर खेड्यावर. आजी बाळाला छातीशी धरून वाट पाहत बसली. पाण्याचा माठ हाताच्या अंतरावर. रूथआजी तेव्हा परकरी पोर, तीसुद्धा म्हणाली, "अक्का, तूच टाक ना पानी." आजी म्हणाली, "मी कोन? फादर येतीन."
फादर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाप्तिस्म्याविना गेलेल्याला तेव्हा आपल्या कब्रस्तानात जागा नसे. आजोबांनी बागेतच खड्डा केला. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. आजीने वर संत्र्याचं कलम लावलं.

मामा सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "म्हंजे मी थोरला नोय?"
मी थोरला, माझं ऐका, असं म्हणत ज्यांचा जन्म गेला त्यांचा चेहरा बघवेना. चर्चमधली ती टोपली सारखी डोळ्यासमोर येते. मीच वाटायचे ती संत्री.

११ नोव्हेंबर
आजी रविवारी ओसरीवर आम्हा पोरांना धर्मशिक्षण द्यायची. एक धडा पुन्हा पुन्हा. कुणी मरायला टेकलेलं असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. चिंधीची बाहुली असायची. तीनदा पाणी ओता, नाव घेऊन शब्द म्हणा. "फादर कुठं हायेत हे इचारत बसू नका. पानी घ्या न टाका!" एकदा मी बाहुलीला हसले तर हातावर फाडकन बसली. एरवी कधी बोट लावलं नाही तिने मला.
आता कळतंय.

आणि तो तांब्या. थोडं पाणी, थांबायची. परत थोडं, थांबायची. मग तिसऱ्यांदा. ओठ हलायचे. मला वाटायचं रोझरी म्हणते. जवळ जाऊन कधी ऐकलं नाही.
मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, हेही तिनेच शिकवलं होतं. उपासाच्या दिवशी चहात साखर न घालणारी माझी आजी रोज सकाळी, सगळ्यांसमोर
देवा, मी हे काय लिहिते आहे.

१३ नोव्हेंबर
फादरकडे गेले. नवीन आहेत, वयाने लहान. शांतपणे ऐकलं. म्हणाले, देवाची दया मोठी, अशा बाळांना आपण त्याच्याच हाती सोपवतो, आता कुणी पूर्वीसारखं बोलत नाही. मला रडू आलं. मग त्याला आजीच्या कबरीत ठेवू का, विचारलं. "बिशप हाऊसला विचारून सांगतो. थोडं थांबा."
तांब्याचं बोलले नाही.

मामांना सांगितलं. "मिस्त्री सोमवारी येऊन राह्यला. त्याले दुसरे कामं हायेत."
"मामा, तुमचा सख्खा भाऊ आहे तिथे."
"इतक्या वर्सात काय राह्यलं असन वं? मातीच ना!" ताट तसंच ठेवून उठले.

१६ नोव्हेंबर, रविवार
फादर म्हणाले, अजून उत्तर नाही, थांबा. घरी येईपर्यंत तो एकच शब्द कानात.
मामा मिस्त्रीला अजून नको म्हणत नाहीत.
रूथआजीला विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं होतं?
"नाव बाप्तिस्म्यात ठेवतात, पोरी."

१७ नोव्हेंबर, सोमवार
उठले तेव्हा एवढंच ठरवलं होतं की आज थांबायचं नाही. पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं. माठाजवळ गेले तर तांब्या नाही.
तो संत्र्याखाली आडवा पडलेला. खोड वरपासून ओलं, डिंकाच्या गाठी चकाकत होत्या. मामा पायरीवर बसलेले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.
"मामा?"
"शब्द येतात मले. तिनंच शिकवले." मग खोडाकडे बोट केलं. "नाव कोन्तं घेऊ, मार्थे? तिथंच अडलो."
मी पडलेला तांब्या उचलला.
तेवढ्यात फाटकातून, "सायमनभाऊ, खंदायले कुठून धरू?" मिस्त्री. खांद्यावर कुदळ.
मामांनी वर पाहिलं नाही.

मिस्त्रीला चहा दिला आहे, तो पितो आहे तोवर हे लिहून घेते. मामा अजून पायरीवरच. तांब्या भरून माझ्याजवळ ठेवला आहे. नाव तेवढं ठरायचंय.